काळ्या धानाचा डबा

आमचे हे धानाच्या बियाण्याची शुद्धता राखतात. पगार ऑफिसातल्या कामाचा मिळतो, पण हे काम चोवीस तास करतात. लग्नाच्या पंगतीत पहिल्याच घासाला यजमानांना सांगतील, "भातात दोन जातींचे तांदूळ आहेत बरं!" शेतात शिरण्याआधी पँट झटकतील, कुठून दुसरा दाणा यायला नको म्हणून. रायपूर राजधानी झालं, मोठमोठे साहेब आले. तेही बिचारे बांधावर पाय झटकत उभे असतात.

अकरा वर्षं एकेक लोंबी निवडून यांनी काळ्या टरफलाच्या एका जुन्या धानाचं मूळ बियाणं तयार केलं. गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी पुढे त्यातूनच बियाणं वाढवायचं होतं. ऑफिसात उंदीर, म्हणून डबा बीरगांवला आमच्या घरी. हळदीलाही चिठ्ठी लावणाऱ्या माणसानं नेमका हाच डबा कोरा ठेवला. चिठ्ठी लावली तर चोराला कळेल म्हणे!

पौष पौर्णिमेला दारात छेरछेराची टोळी आली. त्या दिवशी इकडे घरोघरी धान मागतात आणि नाही म्हणायचं नसतं. मी ओंजळी भरभरून डबा रिकामा केला.

हे आले, डबा पाहिला आणि उलटा करून झटकला.

"काहून दिलं व?"

"मले काय माहीत? सणाचा धान समजली मी!"

रागावले असते तर बरं झालं असतं. हे नुसते डब्यात पाहत राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टोळीचा सगळा धान शेजारच्या दुलारीनकडे एकाच पोत्यात पडला होता. त्यात आणखी एक काळा धान, दिसायला याचा जुळा भाऊ. दुलारीन म्हणाली, "हव साहब, हम लोग चुन देंगे."

तीन दिवस दुलारीन धरून पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, सहा बायका, मी आणि हे अंगणात निवडत बसलो. बायका गप्पा मारत बोटांनी चाचपून दाणे वेगळे करत. हे भिंगातून एकेक दाणा पाहत आणि मधूनच ओरडत, "गप्पा बंद! लक्ष द्या!" कोणाचाच भरवसा नाही म्हणून प्रत्येकीची पुडी वेगळी, वर नाव. स्वतःचीही केली, वर 'हरिदास' लिहिलं, नियम म्हणजे नियम.

तरी हे म्हणाले, "पेरून पाहिल्याशिवाय याले शुद्ध म्हणणार नाही मी." भेसळ निघाली की अकरा वर्षं पाण्यात. प्रत्येक पुडीचा वाफा वेगळा केला, पाटी लावली. चार महिने हे धड जेवले नाहीत. मी देवाला हात जोडत होते, माझ्या वाफ्यासाठी जरा जास्तच.

लोंब्या आल्यावर मला आणि दुलारीनला घेऊन गेले. तिचा वाफा एकसारखा, माझाही, बाकीच्या बायकांचेही. फक्त एका वाफ्यात सात रोपं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच डोलत होती. पाटीवर नाव होतं हरिदास.

दुलारीननं तोंडाला पदर लावला. यांनी तो अख्खा वाफा स्वतःच्या हातानं उपटला आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं: "सात वाफे शुद्ध. आठवा नापास. कारण, निवडणाऱ्याचं सगळं लक्ष इतरांच्या गप्पांकडे होतं."