प्राचीच्या कोडला मोहल्ल्याची वाहवा

माझ्या मुलीला फुकट वाटायच्या वस्तूसाठी पैसे मिळणार होते, आणि ते बंद पाडायला मी एकटा पुरेसा होतो.

मी वडशाचा. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत माईकवर बक्षिसं पुकारतो. (गाणं रंगलं की प्रेक्षक बक्षीस देतात, नाटक थांबतं, आणि "अमुक गावच्या तमुक भाऊंकडून!" अशी गर्जना मी करतो. माझ्या आवाजानं एकदा मेलेला खलनायक उठून बसला होता!) उन्हाळ्यात नाटकं बंद. मग घरात बसून मी प्रश्न विचारतो. यंदा सापडली कॉलेजातली प्राची. दिवसभर लॅपटॉपसमोर.

"काय करून राह्यली बाई?"

"नकाशाचं सॉफ्टवेअर हाये बाबा. नेट नसलं तरी चालते. त्यात थोडं कोड लिहून राह्यली."

"केवढ्याले विकतात?"

"विकत नाईत. ओपन सोर्स हाये. सगळ्याईले फुकट."

"मंग तुले पैसे कोण देते?"

"एक संस्था देते. विद्यार्थ्याईनं खऱ्या कामात हात घालून शिकावं म्हणून. तीन महिन्याचं काम, मधात एक तपासणी. पास झाली त पुढचे पैसे, नाई त बस घरी."

"पण तू घरीच त हायेस!"

प्राचीनं कपाळावर हात मारला. पण माझी जिज्ञासा काही शमेना. "साहेब कोण तुहा?"

"साहेब नाई. मेंटॉर मॅडम हायेत, परदेशात. आपण करून दाखवाचं, त्या चुका सांगतात. सगळं उघड्यावर. साइटवर कामाचं पान असते, ते कोणीबी वाचू शकते, त्यावर कोणीबी लिहू शकते."

कोणीबी! हा शब्द माझ्यासारख्या माणसाच्या कानावर पडायलाच नको होता.

प्राची आंघोळीला गेली तेव्हा मी ते पान पाहिलं. पोरीच्या कामावर लाल खुणाच खुणा! प्रत्येक खुणेखाली मॅडमचा शेरा, आणि सगळ्यात वर, मोबाइलनं मराठी करून दिलं त्याप्रमाणे, "बदल हवेत." परवा तपासणी, आणि साऱ्या जगासमोर माझ्या लेकीची ही शोभा? परीक्षक हजर, पण टाळ्या वाजवणारं एक माणूस नाही! मला राहवलंच नाही. त्या साइटवर खातं कसं उघडायचं ते शोधून मी घरच्या आणि नाटकाच्या दोन्ही व्हॉट्सॅप ग्रुपवर पाठवलं, आणि खाली मजकूरही दिला: "प्राचीचे काम अप्रतिम आहे. तिला पास करावे. (इथी आपलं नाव व गाव टाका.)"

लगेच मुलचेऱ्याहून माझ्या साळ्याचा फोन. "भाऊजी, पण काम कायचं हाये?"

"तुले काय करायचं हाये? तू लिव्ह!"

त्यानं लिहिलं. खात्री असावी म्हणून तीनदा लिहिलं! बायकोचा बचत गट आला, परदा ओढणारा आला. तबलजीनं तर कंसातलं "इथी आपलं नाव व गाव टाका" सुद्धा जसंच्या तसं टाकलं. आमच्या खलनायकानं सवयीप्रमाणे शेवटी जोडलं, "नाहीतर परिणाम वाईट होतील!" संध्याकाळपर्यंत पान भरून गेलं. मी समाधानानं चहा पीत होतो.

"बाबाऽऽ!"

त्या साइटनं आमची अख्खी फौज बनावट ठरवली होती. पानाला कुलूप लागलं, आणि चौकशी होईपर्यंत प्राचीचंही खातं बंद.

"मीच खोटी माणसं उभी केली असं समजून राह्यले ते! परवा तपासणी हाये, काम कुठी दाखवू मी?" तिचे डोळे भरून आले. मला भयंकर वाईट वाटलं.

"अवो, तुमाले माईक कोणं देल्ला होता?" बायको कडाडली. मी चहाचा कप गुपचूप खाली ठेवला.

प्राचीनं मॅडमना खरं काय ते कळवलं. त्या म्हणाल्या, उद्या व्हिडिओवर सगळ्यांना दाखव. सकाळी मी अंगणात मोहल्ला उभा केला, उंच माणसं मागे. मॅडम एकेक चेहरा निरखून बघू लागल्या. प्राची दोन्हीकडचं बोलणं समजावत होती.

"तुम्ही सगळे खरे आहात?"

"हाव!" मोहल्ला गरजला.

"यातल्या कोणी हा नकाशा वापरून पाहिलाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खलनायकाकडे पाहिलं.

"भाऊजी म्हणाले लिव्ह, म्या लिव्हलं," साळ्यानं फोनवरूनच साक्ष दिली.

मॅडम खळखळून हसल्या आणि मला जरा धीर आला. "मॅडम, पण पोरीच्या एवढ्या चुका काऊन काढल्या?"

"ते काम मला ठेवायचं आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "नको असतं तर इतकं वाचलं असतं का?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! त्यांनी पानाचं कुलूप काढवून दिलं, प्राचीचं खातंही सुरू करवलं. अट एकच: झाला प्रकार मी त्याच पानावर, माझ्या शब्दांत लिहून माफी मागायची.

माझ्या शब्दांत? मी जीव ओतून लिहिलं. घराण्याचा परिचय दिला, वडशाचं वर्णन केलं, शेवटी सर्वांचे आभार मानले. प्राचीनं भाषांतर करून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर लाल खुणाच खुणा! "फार लांब आहे." "माफी नेमकी कुठे आहे?" आणि सगळ्यात वर, "बदल हवेत."

त्याच दिवशी तपासणी झाली. प्राची पास झाली, पुढे तिचं सगळं कामही संपलं. माझा माफीनामा तेवढा अजून तपासणीतच आहे.