पन्नास अधिक वीस

‘५०% + २०% सूट’ ही पाटी ज्यानं पहिल्यांदा लावली, त्याचं वाटोळं होवो! आमच्या सोलोत, इंडोनेशियातल्या या शहरात, ईद जवळ आली की दुकानादुकानांवर ती झळकते, आणि लोकांच्या शिव्या खायला गल्ल्यावर बसते मी.

बू तुमिरा, म्हणजे तुमिराकाकी, आमच्याच गल्लीतली. वीस वर्षं लोकांचे कपडे इस्त्री करतेय, किलोला तीन हजार रुपिया. नवरा गेला, पाठ कामातून गेली, पण कुणापुढे हात पसरला नाही तिनं. ईदला गावी आईकडे निघाली होती. म्हातारी नमाजाला ठिगळं लावलेला पोशाख घालते, म्हणून नवा पांढरा न्यायचा होता. आमच्या दुकानात त्याची किंमत तीन लाख. सत्तर टक्के गेले की नव्वद हजार. बूनं पंचाण्णव जमवले होते.

मी बिल केलं, एक लाख वीस हजार.

“पोरी, चुकलीस तू.”

“नाही बू. आधी निम्मे गेले, राहिले दीड लाख. वीस टक्के त्या दीड लाखावर धरतात. म्हणजे अजून तीसच हजार कमी.”

“म्हणजे सूट साठच टक्के! मग साठ लिहायला हात मोडले होते तुमचे?”

मागची बाई खेकसली, “हिशेब येत नाही तर येता कशाला बाजारात?”

बू वळली. “तुम्ही किती धरलेत?”

“सत्तर,” बाई म्हणाली. रांगेत कुजबुज सुरू झाली.

मॅनेजर धावत आला. “बू, तुम्हाला नव्वदला देतो. घ्या आणि निघा.”

बूनं पोशाख छातीशी धरला. मला वाटलं, सुटलो.

“आणि ह्यांना?” तिनं त्याच बाईकडे बोट दाखवलं.

“फक्त तुम्हाला.”

तिनं पोशाख माझ्यापुढे ठेवला. “लबाडी तुमची, आणि भीक मला घालता?” आणि रिकाम्या हातानं चालू लागली.

कमी पडलेले पंचवीस हजार माझ्या पर्समध्ये होते. मॅनेजर बघत होता, मी तोंड उघडलं नाही. त्याचा राग येतोच. बूचाही येतो, म्हातारीसाठी तरी घ्यायचा होता. सगळ्यात जास्त माझा येतो.

मागच्या बाईनं तोच पोशाख उचलला. “मला तरी नव्वदला द्या.”

मी एक लाख वीस हजार मागितले. तिनं मुकाट्यानं दिले.