माऊंनी शहराला पाणी पाजलं

वर्खवाले काका चाळीस वर्षं हस्तलिखितांच्या अक्षरांवर सोन्याचा वर्ख चढवत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकही हस्तलिखित वाचलेलं नव्हतं. "वाचायचं काम वाचणाऱ्याचं," ते म्हणायचे. "आपलं काम त्याला पानापाशी धरून आणायचं."

लेखनिकबाई शाईने मजकूर लिहायच्या, पहिल्या अक्षराची जागा मोकळी सोडायच्या आणि तिथे पेन्सिलीने ते अक्षर बारीक टिपून ठेवायच्या. काका ते वीतभर उंच आणि सोनेरी करायचे, समासात चित्रं काढायचे. गेल्या तीन वर्षांत ते टिपण त्यांना दिसेनासं झालं होतं. काकू चष्म्यासाठी मागे लागल्या की ते फुरंगटायचे, "माझे डोळे ठणठणीत आहेत, पेन्सिली हलक्या निघाल्यात!" खरं तर चष्मा दिसला की कारखान्याचे मालक घरी बसवतील, ही त्यांची धास्ती.

अशात पाणीखात्यातून निवृत्त होणाऱ्या भाऊसाहेबांच्या गौरवग्रंथाचं पहिलं पान आलं. सुरुवात होती, 'भाऊंनी शहराला पाणी पाजलं.' काकांना पेन्सिलीतला 'भ' दिसला 'म'. तेवढा पहिला शब्द त्यांनी जुळवून पाहिला: माऊंनी. असतं बुवा एकेकाला मांजरांचं वेड, असं म्हणत त्यांनी झकास सोनेरी 'म' घडवला आणि समासात सात मांजरं बसवली.

लेखनिकबाई पान बघून मटकन खालीच बसल्या. "अहो काका, भाऊसाहेबांची माऊ केलीत!"

काकांचं धाबं दणाणलं. सगळं अक्षर खरवडलं तर कागद फाटणार, पुन्हा लिहायला दोन दिवस लागणार आणि मालक दुपारीच ग्रंथ न्यायला येणार. मग त्यांना आठवलं, 'भ'च्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. त्यांनी रेघ नखभर खरवडली आणि तिथे एक गुबगुबीत उंदीर बसवला, रेघ कुरतडणारा. त्याच्या शेपटीचं वळण खाली अक्षरात उतरवलं. 'भ' तयार! सातही मांजरांची बुबुळं त्यांनी उंदराकडे वळवली.

मालक पान बघून फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"ने आठवडाभर काकांना अन्न गोड लागलं नाही.

आठव्या दिवशी खुद्द भाऊसाहेब ग्रंथ काखोटीला मारून कारखान्यात हजर. "हा उंदीर कोणी काढला?"

काका उभे राहिले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मीच. चूक झाकायला काढला साहेब. मला हल्ली बारीक दिसत नाही." मालक शेजारीच उभे होते. काकांना रडू येईलसं वाटलं.

"मला आजवर अकरा मानपत्रं मिळाली, एकही वाचलं नाही," भाऊसाहेब म्हणाले. "हा ग्रंथ मात्र पुढचा उंदीर शोधत शेवटच्या पानापर्यंत वाचला. बाकीचे उंदीर कुठे आहेत?"

मालकांनी काकांकडे पाहिलं. "पानं किती?"

"चाळीस."

"म्हणजे एकोणचाळीस उंदीर राहिले. त्यांच्या मिशा काय अंदाजाने काढणार? आधी चष्मा करून या."

संध्याकाळी काका नवा चष्मा लावून घरी आले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. काकूंनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे तीन वर्षं माझं ऐकलं नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि उंदराचं ऐकलंत!"