शेवाळवाल्या बाई

जगात शेवाळावरून घसरणारी माणसं पुष्कळ, पण शेवाळावर जीव टाकणारं माणूस मी एकच पाहिलंय, आणि ते काळाचौकीला आमच्या चाळीत, बरोबर आमच्या खालच्या खोलीत राहतं. बाई दादरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाल्या. इतरांच्या खिडकीत तुळस असते. बाईंच्या खिडकीत जॅमच्या बाटल्यांतून हिरवं पाणी असतं, आणि एखाद्या पाहुण्याने ते चुकून मोरीत ओतलं तर बाई सुतक लागल्यासारख्या बसून राहतात. चाळीची टाकी धुवायची म्हटली की सगळ्यांच्या आधी बाई ड्रॉपर घेऊन जिना चढणार. एकदा वरळी कोळीवाड्यात पापलेट आणायला गेल्या आणि ओढून ठेवलेल्या होडीचा तळ खरवडत बसल्या. "बाय, म्हावरं घेतेस का होडी?" असं कोळीण ओरडली तेव्हा कुठे भानावर आल्या. पापलेट राहिलंच. हिरवं मात्र पुडीत बांधून आणलं.

त्यातही बाईंचा खरा जीव पेशीच्या भिंतीवर. एका पेशीच्या दोन होताना मधली भिंत कशी उभी राहते, हे सांगायला त्यांना कुठलाही प्रसंग चालतो. माझ्या मावशीच्या डोहाळजेवणात पानसुपारीच्या बटव्याची नाडी ओढत त्या म्हणाल्या, "काही शेवाळांत भिंत ही अशी कडेकडून आत आवळत येते." बटवा त्यांच्याच मुठीत राहिला आणि बायका विड्यासाठी ताटकळल्या. दुसऱ्या दिवशी आई तव्यावर घावन घालत होती. "आणि काहींत ही अशी, मधून सुरू होऊन कडेला पोचते!" असं म्हणून बाईंनी आईचा हात धरला. ते घावन करपलं.

मग मला बंगळुरूची नोकरी आली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई हो म्हणेना, नाही म्हणेना, भांडी मात्र आपटायची. कळवायचा दिवस जवळ आला तसं मी नाही म्हणायचं ठरवलं. खालच्या खोलीत भांडी ऐकू जात असणारच. संध्याकाळी बाई वर आल्या आणि आईला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी आईला मायक्रोस्कोपपुढे बसवलं.

"माका काय कळतला त्यातला?" आई मालवणीत पुटपुटली, पण तिने डोळा लावला.

"एका कवचात चार दिसतात ना, वहिनी? त्या लेकी," बाई म्हणाल्या. "आईच्या भिंतीच्या आत राहूनच प्रत्येकीने आपापली भिंत बांधली. ती झाली की आईची भिंत फाटते आणि त्या बाहेर पडतात. तुमच्या लेकीची भिंत बांधून झालीय."

आई बराच वेळ बघत राहिली. "आणि बाजूला ते फाटकं, रिकामं काय पडलंय?"

"ती आईची भिंत."

"आणि आई?"

जन्मभर पोरांच्या शंका फेडलेल्या बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "ती सगळीच्या सगळी लेकींत वाटली जाते," त्या म्हणाल्या, कारण शास्त्रात खोटं बोलणं त्यांना जमत नाही. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण शेवाळाला मागे उरता येत नाही, वहिनी. आपल्याला येतं. तुम्ही उराल. मी आहे ना खाली."

त्या दिवशी जेवताना आईने मला एवढंच विचारलं, "तिकडे थंडी असते का गो?"

बाईंचे डोळे आता अधू झालेत. मायक्रोस्कोपमध्ये आई बघते आणि काय दिसलं ते बाईंना सांगते. माझ्या आईला बाईंनी एकटं पडू दिलं नाही, आणि हे ऋण फिटणारं नाही. फोनवर तसं काही म्हणायला गेले तर बाई "बाटली हलतेय, ठेव" म्हणून फोन ठेवतात. मी संध्याकाळी फोन केला की आईसुद्धा घाईतच असते, बाई खोळंबलेल्या असतात. काल मात्र तिने आपणहून फोन केला.

"आज चौघी बाहेर पडल्या गो," ती म्हणाली. "मी बघत होते. चौघी धड आहेत."