पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी

"दुखन बरं का. खोटं नाई सांगत."

जखमेला चिकटलेल्या पट्टीवर सलाइनची धार सोडत तो एवढंच म्हणायचा आणि पट्टी भिजेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहायचा.

तुम्ही सरकारी दवाखान्यात कधी पट्टी बदलून घेतली असेल, तर तुम्हाला माहीत आहे की तिथे वेगळंच वाक्य चालतं. "काही होत नाही," असं म्हणता म्हणताच पट्टी ओढायची असते. पेशंट किंचाळेपर्यंत पुढचा नंबर आत आलेला असतो. आमच्या ग्रामीण रुग्णालयातला हा ड्रेसर आधी खरं सांगायचा आणि मग वाट बघायचा. बाहेर रांग कुरकुरायची. एकदा एक हवालदार ते वाक्य ऐकून अर्धी सुटलेली पट्टी लोंबती ठेवून निघून गेला.

"सांगतलं नसतं तं बसला असता ना बे," मी म्हणालो.

"आज बसला असता. उद्या आला नसता."

हवालदार दुसऱ्या दिवशी आला. हात धरायला बायकोला घेऊन आला.

मी तिथे फार्मासिस्ट होतो. औषधांच्या खिडकीमागे बसून कादंबऱ्या वाचणं हा माझा मुख्य व्यवसाय आणि मधेमधे गोळ्या देणं हा जोडधंदा. गावात ख्रिस्ती घरं चार, पत्र्याचं एक छोटं चर्च, आणि तीन गावं सांभाळणारे एक पाळक. ते महिन्याच्या पहिल्या रविवारी बुलढाण्याहून बसने यायचे. ड्रेसर त्या चार घरांतल्या एका घरचा. भेटला की "सलाम" म्हणायचा. धर्माचं याहून जास्त त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, म्हणून मीच त्याला डिवचायचो.

"तुह्या देवानं म्हणते आंधळ्याले डोळे देल्ले. तू तं महिनाभर एक पाय धुऊन राह्यला."

"तो देव हाय, भाऊ. मी वर्ग चार हाओ."

एक्स-रे खोलीचं उद्घाटन होतं. दुसऱ्यांदा; पहिलं झालं तेव्हा यंत्र आलं नव्हतं. पाहुणे, हार, फोटोवाले, सगळे आले, पण कात्री कोणी आणली नाही. कोणीतरी ड्रेसिंगच्या खोलीत धावलं. याने कात्री दिली नाही. "ही जखमेची हाय. फितीवर धार जाते." शेवटी पाहुण्यांनी फीत दोन्ही हातांनी ओढून तोडली, आणि ती तुटेना तेव्हा दातही लावले. तो फोटो मात्र कुठे छापून आला नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं.

असल्या समारंभांना हसण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं. म्हणूनच वाचनालयाने गावातला उत्तम वाचक म्हणून माझा सत्कार ठरवला, तेव्हा दवाखान्यात मी कोणाला सांगितलं नाही. दुपारच्या ड्यूटीतून गुपचूप निघालो, मोबाइलचा आवाज बंद केला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. त्याच वेळी शेतात निंदताना साप चावलेली एक बाई दवाखान्यात आणली गेली. लस फ्रिजमध्ये होती. फ्रिजला कुलूप होतं. चावी माझ्या खिशात होती. शाल पांघरून, नारळ घेऊन मी परतलो, तेव्हा तिला बुलढाण्याला पाठवून झालं होतं.

बाई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. पुढे दोन महिने ती एक दिवसाआड ड्रेसिंगला यायची. मी त्या वेळात स्टोअरमध्ये काहीतरी काम काढायचो.

चौकशी लागली. मी शौचालयात गेलो होतो असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं. कर्मचाऱ्यांचं शौचालय वर्षभर कुलूपबंद होतं ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. जबाबाच्या आदल्या दिवशी ड्रेसर माझ्या खिडकीशी आला.

"भाऊ, उद्या मी खरं सांगीन. तुमाले आधी सांगून ठेवतो."

"काऊन? तुहं काय जाते?"

"तिचा हात मी धुतो."

त्याने सांगितलं. माझी बदली देऊळगाव राजाला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगी दहावीत होती, म्हणून घर इथेच राहिलं. तीन वर्षं मी एका खोलीत स्वतःच्या हातची खिचडी खाल्ली आणि प्रत्येक घासाला त्याची आठवण काढली. चूक माझी होती हे मला कळत होतं. पण गावात इतके लोक खोटं बोलायला तयार असताना यालाच काय झालं होतं, हे मला पुढे बरीच वर्षं कळलं नाही.

देऊळगावला दर महिन्याला त्याचं पोस्टकार्ड यायचं. एकच ओळ असायची: "मनात काही आहे का?" मी उत्तर दिलं नाही. कार्डं पुस्तकात खुणेला वापरली.

परत आल्यावर पोस्टकार्डांऐवजी तो स्वतः येऊ लागला. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, ओपीडी संपता संपता, खिडकीशी उभा राहायचा.

"भाऊ, मनात काही हाय का अजून?"

"काही नाई."

तो दोन क्षण माझ्याकडे बघायचा. "बरं," म्हणायचा आणि जायचा. एरवी आमच्यात बोलणं नव्हतं. मला वाटायचं, हा स्वतःचा चांगुलपणा मिरवायला येतो. एकदा मी चिडून म्हणालो, "तुहा देव समदं माफ करते ना? मंग माह्याकडे कायच्या चकरा मारतं?"

"देवाचं देव पाहीन. तुमच्यातलं माह्यातलं तो परस्पर नाई मिटवत."

तो रिटायर झाला तरी यायचाच. मग एका शनिवारी आला नाही. मी खिडकी बंद करायला उगाच दहा मिनिटं उशीर केला. सोमवारी त्याची बायको गोळ्या न्यायला आली. त्याचं हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. मी विचारलं, "परवा आले नाई?"

"आता चालनं होत नाई त्याइच्यानं." गोळ्या पिशवीत टाकत ती म्हणाली, "तसंही घेनं तं राह्यलंच त्याइचं."

"काय घेनं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं मला माहीत असायलाच हवं होतं. मग सांगितलं. पहिल्या रविवारी त्यांच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. आपल्याविषयी कोणाच्या मनात राग असेल, तर आधी जाऊन त्याच्याशी मिटवायचं आणि मगच तिथे हात पुढे करायचा, असं त्यांचं शास्त्र सांगतं. बहुतेक लोक हे ऐकतात आणि हात पुढे करतात. याने नऊ वर्षं केला नव्हता. ताट समोर आलं की तो ते तसंच शेजाऱ्याकडे द्यायचा. चोरून प्यायला लागला असेल, असं मंडळीतले लोक बोलायचे. त्याला पंचांतून काढलं. त्याने माझं नाव कोणाला सांगितलं नाही.

"पण मी तं दर बारीले नाई म्हणलं!"

"ते म्हनत, तोंडानं नाई म्हनते."

"मले सांगाचं ना मंग."

"सांगतलं असतं तं तुमी कीव करून बोलले असते."

त्याच संध्याकाळी मी जायला हवं होतं. पण मी वाचणारा माणूस. मला आधी वाक्य हवं होतं. ते मी घडवत बसलो, खोडत बसलो, आणि त्यात जवळजवळ चार आठवडे गेले. गेलो तो शुक्रवार होता.

तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. मी माझं वाक्य म्हटलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"चांगलं बोलले. आता खरं सांगा."

मग मी सांगितलं. "राग होता. रोज होता. तू खोटं बोलला असता तं मी तुले चहा पाजला असता, अन् जन्मभर तुले कमी लेखलं असतं. खरं बोलला म्हणून राग होता."

"अन् आता?"

मी मनात खरोखर शोधलं. "आता नाई."

तो माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याची मान हलली. "हाव," तो म्हणाला. "आता माहं ऐका. खरं सांगाचंच होतं मले. पन तुमी शाल घालून आले होते ना, तं सांगताना मले जरासं बरं वाटलं. तेवढं पाप माहं हाय. त्याची माफी द्या."

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. त्याने माझा हात धरून ठेवला होता. मग त्याने बायकोला हाक मारली. "परवा पहिला रविवार. पाळकाले म्हना, चर्च झालं का घरी या. मी घेतो. अन् पांढऱ्या सदऱ्याले इस्त्री करून ठेव."

रविवारी पहाटे तो गेला.

पाळक बुलढाण्याच्या पहिल्या बसने उतरले आणि तो गेल्याचा निरोप मिळाल्यावर थेट घरीच आले. खांद्याला पिशवी, पिशवीत घरी आणायच्या भाकरीची छोटी स्टीलची डबी. ते डबी हातात घेऊन दारातच उभे राहिले. त्यांच्या शिक्षणात या प्रसंगाचा धडा नसावा. सदरा खुंटीवर तयार होता. तोच आम्ही त्याला घातला. बाह्यांवरच्या इस्त्रीच्या घड्या ताठ होत्या.

बायकोने पदर सारखा केला आणि पाळकांना म्हणाली, "चला. लोक वाट पाहत असतीन." मग माझ्याकडे वळली. "तुमी बसा त्याइच्यापाशी. मी घेतो अन् येतो. त्याइचा रविवार वाया नाई जाऊ देत मी."

ती दोघं गेली. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याखाली चार घरांचे लोक गाऊ लागले, मग थांबले. आता ताट फिरत असणार. घरात आम्ही दोघंच होतो. तो सदरा घालून तयार होता.