सतीच्या गोट्याचा ठसा

त्या दिवशी वावराच्या कडेले, धुऱ्यावर आम्ही तिघी होतो. मी, माही नात, आन बकऱ्या चारणारी शेजारीन. चौथं कोनी नोतं. हे आधीच सांगते, कारन आता गावात धा जनं म्हनतात का आम्ही डोळ्यानं पाह्यलं.

नात बुलढान्याले कालेजात इतिहास शिकते. जुन्या राजांचा, जुन्या काळचा. यम्मेचं शेवटचं वर्स हाय. तिची माय ती रांगत होती तवाच गेली, मीच वाढवलं तिले. आमचं गाव जानेफळच्या बाजूले. गावाबाहेर एका वावराच्या धुऱ्यावर सतीचा गोटा उभा हाय. त्याच्यावर बांगड्यावाला हात कोरला हाय, वरतं चंद्र-सूर्य. लोकं सनासुदीले शेंदूर लावतात. खाली मातीजवळ चार ओळी अक्षरं हायेत, ते आजवर कोनी वाचले नाई. नातीले त्याच अक्षरावर मोठा निबंध लिहाचा होता. त्याच्याबिगर पास करत नाई म्हने.

तिले सुट्टी रविवारचीच. आन तो रविवार अवसेचा होता. मले मालूम होतं. मी बोलली नाई. ती चूक माही.

कालेजात शिकवलं तसं तिनं केलं. गोटा धुतला. मी घरून जवारीचं पीठ नेलं होतं, ते अक्षरात भरलं, तशी अक्षरं पांढरी उठून दिसली. तिनं मोबाईलवर फोटो काढले. मंग पीठ धुऊन काढलं, ओला कागद चिकटवून ब्रशनं ठोकला, चिंधीचा गोल बोळा बांधला, काळ्या शाईत बुडवून कागदावर दाबत गेली. कागद काळा झाला, अक्षरं पांढरी राह्यली, ठसा उतरला. पोट्टी लहान लेकरावानी नाचली.

शेजारीन लांबूनच म्हने, "काय वं बुढे, अवसेच्या दिवशी सतीले आंघोळ घालून राह्यली का?"

"परीक्षा हाय पोरीची," मी म्हटलं.

"मंग सतीच पेपर लिहून देते का तिचा?" असं म्हनून हासली आन बकऱ्या हाकत निंघून गेली.

आठ दिवसानं वावरवाल्याची दुभती म्हैस मेली. मंग गावात बोलनं सुरू झालं, का गोट्यापाशी पीठ सांडलं होतं, पोरीच्या हातात काळी बाहुली होती. बाहुली म्हंजे तो चिंधीचा बोळा. चार मानसं घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाई. म्हने, नातीनं करनी केली, तिले कालेजातून बोलवा आन गावासमोर उभी करा.

मी म्हटलं, "तिनं नाई, मी केलं. पीठ माह्या घरचं. तिले मी कागद धराले लावला होता, बाकी तिले काय समजते त्यातलं?"

एक जन म्हने, "काऊन केलं वं माय असं?"

मी सूप घेऊन जवारी पाखडाले बसली. ते गेले.

तवापासून मी नळावर गेली का बाया हंडे उचलून घेतात, लेकरं पदराखाली घेतात. एक दिवस दारात शेंदूर लावलेलं लिंबू होतं. धुतलं आन वरनात पिळलं. भर दुपारी टिनावर गोटे पडतात. मी बाहीर जाऊन पाहत नाई.

परवा नातीचा फोन आला. ठसा सरांले लय आवडला म्हने. मंग ती गोऱ्यांच्या देशाचा धडा सांगत बसली. तिकडं एक काळ आला, नवी विद्या आली, मोठमोठे चित्रं काढनारे झाले, आन त्याच काळात बायांले चेटकीन म्हनून जाळत.

"कोनत्या बायांले?" मी इचारलं.

"बहुतेक म्हाताऱ्या, आजी. एकट्या राहनाऱ्या."

"मंग?"

"मंग काय, जुनं हाय ते."

"बरं," मी म्हटलं. "जेवली का तू?"

येत्या शनिवारी लांबून करनी उतरवनारा एक भगत आनून राह्यले. मले त्याच्यासमोर बसवनार हायेत. शेजारनीनंच सांगितलं, दाराबाहेर उभी राहून. पोलीस पाटलाले सांगून पाह्यलं, तो म्हने पाहू. नातीचे पेपर त्याच्या आधी सुरू होतात आन नंतर आठ दिवस चालतात. तिले कळलं तर पेपर टाकून यष्टीत बसन, मले पक्कं ठाऊक हाय. आन गावात तिचं नाव पुन्हा निंघन.

मी चौथी शिकली, म्हून हे माह्या हातानं लिहून ठेवलं. जो कोनी वाचन, त्यानं एवढं करा. तिचा शेवटचा पेपर होऊ द्या, तोवर तिले काही सांगू नका.