पॉइंटकाकांचा गुडघा

पंपांच्या कारखान्यात आमच्या पॉइंटकाकांची एकतीस वर्षं एकाच लेथ मशीनवर गेली. चहात साखर किती, विचारलं की ‘एक पॉइंट दोन चमचे’ म्हणत, म्हणून हे नाव.

त्यांचा मेहुणा रोज संध्याकाळी वाद घालायला येई. सरकारने देशी कारखान्यांत पैसा घालायचं ठरवल्यापासून तर त्याला विषयही शोधावा लागत नसे.

“भाऊजी, पंप बाहेरून निम्म्या किमतीत येतात. मग माझ्या कराचा पैसा तुमच्या कारखान्यात कशाला?”

“आणि उद्या बाहेरच्यांनी द्यायचं बंद केलं तर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

“‘बघू’चा सुटा भाग बाजारात मिळत नाही रे.”

“अहो, भाजी गार होतेय,” काकू दोन्ही पक्षांना म्हणत.

अशात कळलं की कुणाला पैसा द्यायचा ते ठरवणारी सरकारी समिती काकांच्याच कारखान्यात येणार. नवं मशीन मंजूर झालं नाही तर पंपाचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, बनवणारा विभाग बंद, म्हणजे बावीस माणसं घरी. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घरात जे करतो तेच काकांनी केलं. दोन दिवस खपून आपलं जुनं मशीन घासलं, पुसलं आणि हिरवंगार रंगवलं. डुगडुगू नये म्हणून पायाखाली सारलेली पुठ्ठ्याची घडीसुद्धा हिरवी.

समितीच्या बाई इंजिनियर होत्या. मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, “हे तर नव्यासारखं दिसतंय. नीट चालतं ना?”

मागे मॅनेजर खोकले. काकांनी मशीनकडे पाहिलं. घरच्या माणसाबद्दल परक्यापुढे वाईट बोलायची त्यांना सवय नव्हती.

“चालतं की,” ते म्हणाले.

मॅनेजरांनी डोळे मिटले. बाईंनी वही मिटली. बावीस जणांच्या नजरा पाठीला टोचल्या तेव्हा कुठे काका पुटपुटले, “पण बाई, यावर एक शाफ्ट तुम्ही काढून बघता का?”

बाईंनी बाह्या सरसावल्या. हाताला सवय होती, ते दिसत होतं. तरी शाफ्ट निघाला तो एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. मग काका मशीनपुढे उभे राहिले. हँडल अर्धा फेरा मागे, उजव्या गुडघ्याचा मशीनला हलका टेकू, आवाज बदलला की थांबायचं. माप तंतोतंत.

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“गुडघ्यात आहे, बाई. आणि तो येत्या मार्चमध्ये रिटायर होतोय.”

बाईंनी वही पुन्हा उघडली.

महिन्याभराने मंजुरी आली. मेहुणा तयारच होता. “म्हणजे तुमच्या गुडघ्यापायी देशाने मशीन घेतलं.”

“पुढच्याला गुडघा लावावा लागू नये म्हणून घेतलं.”

त्याला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण जुनं मशीन उचललं त्या दिवशी तो रजा काढून कारखान्यात आला आणि काकांशेजारी उभा राहिला. गाडी निघून गेल्यावर मशीनच्या जागी जमिनीवर राहिलेली हिरव्या पुठ्ठ्याची घडी त्यानेच वाकून उचलली, झटकली आणि भाऊजींच्या हातात दिली.